कापूस, गिरणी आणि पेठा : मँचेस्टरच्या संदर्भात नागपूरच्या स्थानिक इतिहासाचा विचार

प्रस्तावना

नागपूर शहराचा इतिहास सांगताना आपण सर्वसाधारणपणे दोन वाटांनी जातो. पहिली वाट राजवंशांची. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी नगराची उभारणी केली, चांदसुलतानाने ते वाढविले, रघूजी भोसल्यांनी त्यास राजधानीचे वैभव दिले, १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. दुसरी वाट राष्ट्रीय चळवळीची. १८९१ व १९२० ची काँग्रेस अधिवेशने आणि १९२३ चा झेंडा सत्याग्रह हे तिचे टप्पे होत. या दोन वाटांच्या मध्ये एक मोठे शहर राहून जाते. भोंग्यावर उठणारे, साच्यावर उभे राहणारे, रात्री भजनात किंवा खडी गंमतीत रमणारे ते गिरणीचे नागपूर. या. मा. काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' (१९३४) हा आजही आपला आधारग्रंथ आहे आणि त्याचे ऋण कोणीही नाकारणार नाही. पण काळे यांच्या काळी एम्प्रेस मिलची चिमणी अर्धशतकाहून अधिक काळ धुरावत होती. तिच्या सावलीतल्या माणसांचा इतिहास त्यांच्या ग्रंथाचा विषय झाला नाही.

प्रस्तुत निबंधात या राहून गेलेल्या शहराचा विचार उत्तर इंग्लंडमधील मँचेस्टर या शहराच्या संदर्भात केला आहे. ही तुलना शोभेसाठी घेतलेली नाही. नागपूर आणि मँचेस्टर ही दोन शहरे एकाच कापसाच्या धाग्याने बांधली गेली होती. त्यातील एकाने आपल्या कामगारांचा इतिहास, उशिरा का होईना, जतन केला. दुसऱ्याने तो करावयाचा की नाही, हा प्रश्न आजही उघडा आहे.

मँचेस्टरची भूक आणि वऱ्हाडचा कापूस

मँचेस्टरमधील गिरणीमालकांनी १८५७ मध्ये कापूस पुरवठा संघटना स्थापन केली, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर एक भीती होती. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेतील गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालत होत्या आणि तो पुरवठा केव्हा तुटेल याचा नेम नव्हता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि भीती खरी ठरली. लँकेशायरमध्ये लाखो कामगार बेकार झाले, अन्नछत्रे उघडावी लागली. त्याच वेळी इकडे हिंगणघाटच्या आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी न मिळालेला भाव मिळाला. सरकारने मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी खास कापूस आयुक्त नेमला. रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याने ते पद भूषविले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० मध्ये खामगावचा रेल्वेफाटा सुरू झाला, त्या समारंभास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने उपस्थित होते. एका कापसाच्या बाजारपेठेसाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या बाजारपेठेचे महत्त्व कोणाला होते हे ध्यानात येते.

या रेल्वेने कापूस बाहेर नेला आणि परतीच्या फेरीत लँकेशायरचे कापड आत आणले. त्याचा फटका ज्यांना बसला ते नागपूरचेच होते. कोष्टी, मोमीन आणि जाडेभरडे कापड विणणारे महार. नागपूरच्या पेठांत कोष्ट्यांचे हातमाग भोसल्यांच्या काळापासून चालत आले होते. उमरेड, पवनी, नागपूर येथील रेशीमकाठी लुगडी व धोतरे प्रसिद्ध होती. बारीक पोताच्या, रेशीमकाठी मालाला गिरणीचे कापड सहजासहजी हरवू शकले नाही. मात्र खेड्यापाड्यांत महार विणकर जे साधे पासोडी-धोतर विणत, ते सर्वांत आधी बाजारातून उठले. या भेदाकडे दुर्लक्ष करून 'इंग्रजांनी आमचे विणकर बुडविले' असे सरसकट म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. विणकरांमध्येही जातीची व मालाची उतरंड होती. आघात त्या उतरंडीच्या तळाशी प्रथम झाला, आणि गिरणीत कामगार म्हणून पुढे आलेल्यांत याच तळाच्या माणसांचे प्रमाण मोठे होते.

दलदलीतील गिरणी

जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. मुंबईत गिरण्यांची गर्दी असताना नागपूरची निवड हा त्या काळी वेडेपणा मानला गेला. जमशेटजींचे गणित साधे होते. कापूस येथे पिकतो, कोळसा जवळ आहे, रेल्वे दाराशी आली आहे. मग कच्चा माल मुंबईला नेऊन कापड परत येथे का आणावे? जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन त्यांनी भरून काढावयास घेतली. तेव्हा एका स्थानिक सावकाराने, हा मनुष्य जमिनीत सोने पुरत आहे, असे म्हणून कर्ज नाकारले. पुढे त्याच सावकाराने, याने माती पुरली आणि सोने काढले, अशी कबुली दिल्याची कथा जमशेटजींच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. कथा थोडी जास्तच नीटस वाटते. तथापि नागपूरच्या सावकारी भांडवलाने उद्योगाबाबत किती साशंकता बाळगली होती, याची ती साक्ष खचितच देते.

१ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला 'एम्प्रेस' हे नाव मिळाले. व्यवस्थापक म्हणून रेल्वेतील नोकरी सोडून आलेले बेझनजी दादाभाई मेहता आणि तांत्रिक बाजूस लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी अशी जोडी होती. जमशेटजींनी स्वतः लँकेशायरमध्ये जाऊन गिरण्या पाहिल्या होत्या. परंतु त्यांनी आंधळे अनुकरण केले नाही. चातीच्या कताईत 'रिंग' पद्धतीचा प्रयोग त्यांनी १८८० च्या दशकात नागपुरात यशस्वी केला, तेव्हा लँकेशायर अजून 'म्यूल' या जुन्या यंत्रालाच धरून होते आणि पुढेही कित्येक वर्षे राहिले. मँचेस्टरकडून शिकायला गेलेले नागपूर या एका बाबतीत मँचेस्टरच्या पुढे गेले. आमच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट एका ओळीतही येत नाही.

एम्प्रेस मिलच्या कामगार-कल्याण योजनांचा गौरव वारंवार केला जातो. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, १८९५ मध्ये अपघात भरपाई, हवा दमट व थंड राखणारी यंत्रे, आग विझविणाऱ्या तोट्या, क्रीडादिन, बक्षिसादाखल घड्याळे, चांदीची कडी व कापडाचे तागे. कायद्याने सक्ती होण्याच्या कितीतरी आधी हे घडले आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण या योजना सुचण्याचे एक कारण चरित्रकारांनीच नमूद केले आहे. ते म्हणजे कामगारांची गैरहजेरी. गिरणीत रोज बरीच माणसे येतच नसत. व्यवस्थापनाला हा आळस वाटला. ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ मधील आपल्या निबंधात दाखविले आहे की इंग्लंडमधील कारागीरही सोमवारी काम बुडवून 'संत सोमवार' पाळीत, आणि घड्याळाची शिस्त त्यांच्या अंगी बाणविण्यास कारखानदारांना काही पिढ्या लागल्या. नागपूरचा कोष्टी किंवा महार कामगार पेरणीला, पोळ्याला, लग्नसराईला गिरणीकडे पाठ फिरवीत असेल, तर तो आपल्या जुन्या कालगणनेला धरून होता असे मानण्यास जागा आहे. बक्षिसाचे घड्याळ ही केवळ भेट नव्हती. ते शिस्तीचे यंत्रही होते.

१८८१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार असलेली नागपूरची लोकसंख्या १९०१ मध्ये सव्वा लाखाच्या वर गेली. प्लेग आणि दुष्काळाची ती वर्षे होती, हे लक्षात घेतले तर ही वाढ लहान नाही.

पेठांतील सांस्कृतिक जीवन

नागपूरच्या पेठांची नावे वारांवरून पडली आहेत. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. बाजाराच्या वारावर उभे राहिलेले शहर गिरणीच्या पाळीवर चालू लागले, त्या संधिकाळातच मारबतीच्या उत्सवाने आजचे रूप धारण केले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, इतवारी-बुधवारी भागांतून काळी आणि पिवळी अशा दोन भव्य मारबती निघतात. त्यांच्याबरोबर 'बडगे' असतात. त्या त्या वर्षीच्या महागाईवर, लाचखोरीवर, पुढाऱ्यांवर टीका करणारे हे पुतळे होत. १८८० च्या दशकापासून ही परंपरा सांगितली जाते. पिवळी मारबत तेली समाजाच्या पुढाकाराने निघते.

काळ्या मारबतीचा संबंध भोसले घराण्यातील बांकाबाईशी जोडला जातो. तिने इंग्रजांशी हातमिळवणी केली, म्हणून लोक तिचा पुतळा काढून जाळतात, असे सांगितले जाते. १८५७ मध्ये बांकाबाईने इंग्रज आयुक्त प्लाउडन याला साथ दिली, आपल्या आश्रितांना उठावापासून दूर ठेवले, हे ऐतिहासिक सत्य आहे. परंतु बांकाबाई १८५८ मध्ये वारली. तिच्या मृत्यूनंतर दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर हा रोष रस्त्यावर यावा, हे विचारास पात्र आहे. शिवाय पोळ्याच्या पाडव्याला रोगराई व इडापिडा गावाबाहेर घालविण्याचा विधी विदर्भातील असंख्य खेड्यांत आहे. तेथे कोणाला बांकाबाई ठाऊकही नाही. तेव्हा असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल की खेड्यातून शहरात आलेल्या माणसांनी आपला कृषिविधी बरोबर आणला आणि पेठेच्या राजकीय स्मृतीने त्यास एक चेहरा दिला. सर्व दोष एका विधवा राणीच्या माथी मारून सरदार, सावकार आणि जहागीरदार मोकळे सुटले, हेही त्या चेहऱ्यात वाचता येते. उत्सवाचा आनंद घेताना एवढे भान अभ्यासकाने राखले तर बिघडत नाही.

मध्यमवर्गीय नागपूरचे सांस्कृतिक जीवन याच काळात वेगळ्या दिशेने फुलत होते. १८६३ चे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचे 'अजबबंगला', १८८० च्या दशकातील हिस्लॉप व मॉरिस महाविद्यालये, १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ. त्याच वर्षी अमरावतीत स्थापन होऊन पुढे नागपुरात स्थिरावलेला विदर्भ साहित्य संघ आणि १९५० च्या दशकाअखेरीस उभे राहिलेले धनवटे रंगमंदिर. या संस्थांचे इतिहास लिहिले गेले आहेत, वार्षिक अहवाल जपले गेले आहेत. सीताबर्डी आणि महाल यांचे साहित्यिक नागपूर आपल्याला माहीत आहे. गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली, इंदोरा यांचे नागपूर त्यामानाने अंधारात आहे. तेथील भजनी मंडळे, आखाडे, कबीरपंथी मेळावे, खडी गंमतीचे फड यांच्या नोंदी कोणत्याही वार्षिक अहवालात सापडणार नाहीत. मुंबईच्या गिरणगावाला नारायण सुर्वे आणि अण्णा भाऊ साठे लाभले. पुढे नीरा आडारकर व मीना मेनन यांनी तेथील कामगारांच्या तोंडून त्यांचा इतिहास नोंदवून तो २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. नागपूरच्या गिरणी वस्तीला असा शाहीरही नाही आणि असा ग्रंथही नाही.

'मजूर पत्रिका' आणि दोन परिषदा

या अंधारात एक दिवा मात्र ठळक दिसतो. मोहपा येथे १८७९ मध्ये जन्मलेले किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. 'निराश्रित हिंद नागरिक' (१९१०), 'विटाळ विध्वंसक' (१९१३), 'मजूर पत्रिका' (१९१८) आणि 'चोखामेळा' (१९३१) ही त्यांची पत्रे. या नावांचा क्रमच एक इतिहास सांगतो. निराश्रिताने नागरिकत्वाचा हक्क सांगितला, विटाळावर हल्ला केला आणि नंतर तो स्वतःला मजूर म्हणू लागला. 'मजूर' ही ओळख गिरणीने दिली. जातीच्या ओळखीवर ती चढली, तिला पुसू शकली नाही. म्हणूनच १९३१ मध्ये पुन्हा संतपरंपरेचे नाव आले असावे. बनसोडे यांच्याच प्रभावातील जाईबाई चौधरी यांनी तरुणपणी स्थानकावर हमाली केली होती; त्यांनी १९२२ मध्ये मुलींची शाळा काढली. स्थानकावरचे ओझे आणि शाळेचा फळा एकाच आयुष्यात मावले, ही या शहराची खरी सांस्कृतिक घटना होय.

१९२० या वर्षाकडे पाहू. डिसेंबरमध्ये नागपूर काँग्रेसने असहकाराचा ठराव कायम केला, हे प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस याच शहरात छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली होती आणि तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. हे वर्गात सांगितले की विद्यार्थी वहीतून मान वर करतात. पुढे १९२९ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आयटकचे अधिवेशन नागपुरात भरले आणि तेथेच त्या संघटनेत फूट पडली. नागपूरचे कामगार नेते रा. स. रुईकर त्या काळातील देशपातळीवरचे पुढारी होते. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरातच झाली आणि तिला जोडून भरलेल्या महिला परिषदेस हजारो स्त्रिया आल्या. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेसाठी नागपूरची निवड का झाली, याचे बाबासाहेबांनी नागवंशाच्या संदर्भात दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. त्याबरोबरच हेही ध्यानात घ्यावे लागते की अर्धशतक शाळा, पत्रे, परिषदा आणि संघटना यांची सवय झालेल्या कामगार वस्त्या या शहराभोवती उभ्या होत्या.

मँचेस्टरशी येथे एक साम्य आढळते. १८६८ मध्ये ब्रिटिश कामगार संघटनांची पहिली काँग्रेस तेथील मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये भरली, आणि १९४५ मध्ये पाचवी अखिल आफ्रिकी परिषद त्याच शहरात झाली. पुढे स्वतंत्र आफ्रिकेचे नेते झालेले क्वामे एन्क्रुमा तिच्या संघटकांत होते. कापडाने श्रीमंत झालेली शहरे वंचितांच्या परिषदांनाही जागा देतात. जागा, रेल्वे, छापखाने आणि ऐकणारी माणसे त्यांच्याकडे असतात.

साधनांचा प्रश्न

मँचेस्टरमध्ये आज लोकांच्या इतिहासाचे स्वतंत्र संग्रहालय आहे. शेजारच्या सॅलफर्डमध्ये एका दांपत्याने घरात जमविलेल्या पुस्तकांतून कामगार चळवळीचे ग्रंथालय उभे राहिले. १८३० चे जुने रेल्वे स्थानक विज्ञान व उद्योग संग्रहालयाचा भाग झाले आहे. मात्र त्या शहराचे अवाजवी कौतुक करण्याचेही कारण नाही. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताधिकार मागणाऱ्या जमावावर पीटरलू येथे घोडदळ घातले गेले, माणसे मेली. त्याचे योग्य स्मारक उभे राहण्यास २०१९ साल उजाडावे लागले. शहरे आपल्या गैरसोयीच्या आठवणी दोनशे वर्षेही लांबवू शकतात.

नागपूरला तेवढी सवड नाही. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांच्या हातून गेली, राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि चालू शतकाच्या प्रारंभी कायमची बंद झाली. त्या जमिनीवर आज मॉल व निवासी इमारती आहेत. कंपनीचा इतिहास कंपनीने लिहिला. १९२७ चा सुवर्णमहोत्सवी ग्रंथ उपलब्ध आहे. पण हजेरीपुस्तके, दंडाच्या नोंदी, संघटनांची पत्रके, चाळींतील भाडेपावत्या यांची वाताहत झाली. बंद गिरणीतील ज्या कामगारांनी वर्षानुवर्षे देण्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले, त्यांच्या घरच्या ट्रंकांत आज जे कागद आहेत तेच या इतिहासाचे उरलेले दप्तर होय.

हा प्रश्न केवळ स्मृतीचा नाही, हे नागपूरकरांना एका न्यायालयीन निकालाने शिकविले आहे. हलबा-कोष्टी हे 'हलबा' या अनुसूचित जमातीत मोडतात काय, या वादात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी निर्णय दिला की १९५० च्या राष्ट्रपती आदेशातील नोंद जशी आहे तशीच वाचली पाहिजे. पुराव्याने तीत उपजमात घालता येणार नाही. त्या निकालाच्या योग्यायोग्यतेत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण त्यानंतर इतवारी-तांडापेठेतील घराघरांत १९५० पूर्वीचे शाळेचे दाखले, जन्मनोंदी, खरेदीखते शोधली जाऊ लागली. पणजोबांचा धंदा कोणत्या शब्दात लिहिला आहे, यावर पणतूची नोकरी अवलंबून राहिली. जात पडताळणी समितीसमोर उभा राहिलेला तरुण नकळत स्थानिक इतिहासाचा संशोधक झाला. त्याला दिशा दाखविणारे कोणी नव्हते.

आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थी शिवकालावर किंवा गांधीयुगावर लघुप्रबंध लिहितात. त्यांतील बहुसंख्य प्रबंध दहा छापील ग्रंथांच्या आधारे पूर्ण होतात. हेच विद्यार्थी पाचपावलीत, इंदोऱ्यात, मोमीनपुऱ्यात राहतात. त्यांच्या आजोबांनी साच्यावर काम केले आहे. निवृत्त कामगारांच्या मुलाखतींसाठी ध्वनिमुद्रक लागतो, आणि तो आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलमध्ये आहे. पेठांतील जुन्या मंडळांच्या हिशेबवह्या, लग्नपत्रिका, मारबतीच्या वर्गणीच्या पावत्या, गिरणीचे पितळी बिल्ले यांची सूची करण्यास अनुदान लागत नाही. एका वर्गाने एक वस्ती घेतली, तर तीन शैक्षणिक वर्षांत इतवारीपासून इंदोऱ्यापर्यंतचा पट्टा पूर्ण होऊ शकतो. गिरणीत शेवटची पाळी केलेल्या माणसांपैकी सर्वांत तरुण असलेला कामगारही आज पन्नाशीकडे झुकलेला आहे, आणि ज्यांनी रुईकरांचे भाषण प्रत्यक्ष ऐकले ते बहुतेक सर्व निघून गेले आहेत.